न्यायाधीशाचा न्याय

अमेरिकेची राज्यघटना १७८७ साली फिलाडेल्फिया येथे सिद्ध होत असता घटनाकारांपुढे एक पेच होता. न्यायाधीश निर्भय असावयाचा, तर त्याचे पद सत्ताधाऱ्यांच्या लहरीपासून सुरक्षित हवे. पण तोच लाचखाऊ किंवा जुलमी निघाला, तर त्याला आवरावयाचे कोणी? पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी असे दिले की, संघराज्याच्या न्यायाधीशाने सद्वर्तन राखले तोवर, म्हणजे व्यवहारतः तहहयात, पदावर राहावे व त्याचे वेतन कोणी कमी करू नये. दुसऱ्या प्रश्नासाठी त्यांनी इंग्लंडच्या पार्लमेंटचे जुने शस्त्र उचलले. ते म्हणजे महाभियोग. प्रतिनिधिगृहाने साध्या बहुमताने आरोप ठेवावेत, सेनेटने शपथ घेऊन त्यांची सुनावणी करावी आणि हजर सभासदांपैकी दोन-तृतीयांशांनी दोषी ठरविल्यास आरोपीचे पद जावे. फार तर पुढे कोणतेही सरकारी पद घेण्यास त्याला अपात्र ठरवावे. दंड आणि तुरुंग हे नेहमीच्या न्यायालयांचे काम.

परंतु आरोप ठेवावयाचा तो कशाबद्दल? येथे या कथेशी हिंदुस्थानचा संबंध येतो. मसुद्यात देशद्रोह आणि लाचलुचपत हे दोनच अपराध होते. ८ सप्टेंबर १७८७ रोजी व्हर्जिनियाचे जॉर्ज मेसन यांनी हरकत घेतली की, एवढ्याने भागणार नाही. वॉरन हेस्टिंग्ज काही देशद्रोहाचा अपराधी नाही. सालबाईच्या तहामुळे मराठी माणसांच्या परिचयाचा असलेला हा गव्हर्नर-जनरल त्या वेळी लंडनमध्ये महाभियोगाला तोंड देत होता. मेसन यांनी 'गैरकारभार' हा शब्द सुचविला. चर्चा राष्ट्राध्यक्षाविषयी चालली होती. मॅडिसन म्हणाले, इतका सैल शब्द घातला तर त्याचे पद सेनेटच्या मर्जीवर राहील. तेव्हा मेसन यांनी आपला शब्द मागे घेऊन 'घोर अपराध व दुर्वर्तने' हा इंग्लंडमधील रूढ शब्दप्रयोग पुढे केला व तो मान्य झाला. न्यायाधीशांसह सर्व मुलकी अधिकारी याच कलमाखाली आले. मॅडिसन यांची शंका सैल शब्दाविषयी होती. पण स्वीकारलेला शब्द तरी कितीसा घट्ट होता?

या प्रश्नाला तेरा-चौदा वर्षांतच तोंड फुटले. १८०० सालच्या निवडणुकीत फेडरलिस्ट पक्षाचा पराभव झाला आणि जेफरसन राष्ट्राध्यक्ष झाले. दोन्ही सभागृहे त्यांच्या रिपब्लिकन पक्षाच्या हाती आली. (आजच्या रिपब्लिकन पक्षाशी त्याचा संबंध नाही.) न्यायासनांवर मात्र पराभूत पक्षाने नेमलेलीच माणसे तहहयात बसलेली होती. प्रथम वार झाला तो न्यू हॅम्पशायरचे न्यायाधीश जॉन पिकरिंग यांच्यावर. पिकरिंग यांची बुद्धी भ्रमिष्ट झाली होती आणि ते मद्यपान करून न्यायासनावर बसत. सेनेटपुढे ते आलेच नाहीत. वडिलांना वेड लागले आहे, असा अर्ज त्यांच्या मुलाने केला. वेड हा काही घोर अपराध नव्हे. पण वेड्या न्यायाधीशाला दूर करण्याची दुसरी वाटच घटनेत नव्हती, म्हणून १२ मार्च १८०४ रोजी सेनेटने त्यांना दोषी ठरविले. भारतीय घटनाकारांनी १२४ व्या कलमात गैरवर्तनाबरोबर 'अक्षमता' हेही वेगळे कारण घातले आहे, त्याचे महत्त्व पिकरिंग यांची हकिगत वाचल्यावर कळते.

त्याच दिवशी प्रतिनिधिगृहाने सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सॅम्युएल चेस यांच्यावर महाभियोग आणण्याचा ठराव ७३ विरुद्ध ३२ मतांनी संमत केला. चेस हे मेरीलँडचे. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक. कायद्याचे ज्ञान गाढ, पण वृत्ती तापट आणि जीभ सैल. १८०० साली करवसुलीविरुद्ध बंड करणाऱ्या जॉन फ्राइज यांच्या खटल्यात वकिलांचे म्हणणे ऐकण्यापूर्वीच त्यांनी देशद्रोहाच्या कायद्याविषयी आपले मत लेखी देऊन टाकले. वकील निषेध म्हणून निघून गेले आणि फ्राइज यांना फाशीची शिक्षा झाली. राष्ट्राध्यक्ष अ‍ॅडम्स यांनी माफी दिली म्हणून त्यांचे प्राण वाचले. त्याच वर्षी रिचमंड येथे कॅलेंडर या पत्रकाराच्या खटल्यात चेस यांनी बचावाच्या वकिलांना पदोपदी अडविले. पुढे मे १८०३ मध्ये बाल्टिमोर येथे ग्रँड ज्युरीपुढे बोलताना तर त्यांनी सरकारवर आणि सार्वत्रिक मताधिकारावर उघड तोंडसुख घेतले. हे वर्तन न्यायाधीशाला शोभणारे होते, असे त्यांचे आजचे चाहतेही म्हणणार नाहीत. प्रश्न एवढाच होता की, न शोभणारे वर्तन आणि घोर अपराध यांत काही अंतर आहे की नाही.

फेब्रुवारी १८०५ मध्ये खटला उभा राहिला. उपराष्ट्राध्यक्ष अ‍ॅरन बर यांनी वेस्टमिन्स्टर येथील हेस्टिंग्जच्या खटल्याचा थाट डोळ्यांपुढे ठेवून सेनेटचे सभागृह लाल, हिरव्या कापडांनी सजविले होते. अध्यक्षस्थानी बसलेले हे बर स्वतः, काही महिन्यांपूर्वी द्वंद्वयुद्धात अलेक्झांडर हॅमिल्टन यांना ठार केल्याबद्दल खुनाच्या आरोपाखाली होते. वादाची दोन टोके होती. रिपब्लिकन सेनेटर जाइल्स खासगीत सांगत की, महाभियोग म्हणजे केवळ चौकशी. हे पद अधिक चांगल्या माणसाला देता येईल एवढे दिसले की पुरे. जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांनी हे आपल्या रोजनिशीत टिपून ठेवले आहे. उलट चेस यांच्या वकिलांचा दावा असा की, फौजदारी न्यायालयात ज्याबद्दल खटला भरता येईल, त्या अपराधावाचून न्यायाधीशाला हात लावता येणार नाही. या वकिलांतील लूथर मार्टिन हे स्वतः फिलाडेल्फियाच्या घटनापरिषदेत बसलेले गृहस्थ होते. सरन्यायाधीश मार्शल साक्षीला आले. सेनेटमध्ये ३४ सभासद, त्यांत २५ रिपब्लिकन. आणि दोष ठरविण्यास २३ मते पुरे होती. पक्षाने पक्षाप्रमाणे मत दिले असते तर चेस गेलेच होते.

१ मार्च रोजी मतदान झाले. आजारी असलेल्या सेनेटर ट्रेसी यांनाही त्यासाठी उचलून सभागृहात आणण्यात आले. आठ आरोपांपैकी बाल्टिमोरच्या भाषणाच्या आरोपावर सर्वांत जास्त, म्हणजे १९ मते पडली. एकावर तर एकही नाही. रिपब्लिकन पक्षाचे निदान सहा सभासद प्रत्येक आरोपावर आपल्या पक्षाविरुद्ध गेले. हे सारे तत्त्वासाठीच झाले, असे मानणे मात्र भाबडेपणाचे होईल. आरोप चालविणारे जॉन रँडॉल्फ हे जॉर्जियातील याझू जमिनींच्या प्रकरणात स्वपक्षीयांवरच तुटून पडले होते, आणि अनेकांची मने त्यामुळे दुखावली होती. शिवाय त्यांचे समारोपाचे भाषण अगदीच विस्कळीत झाले. न्यायसंस्थेच्या स्वातंत्र्याची एवढी मोठी परंपरा ज्या मतांवर उभी राहिली, त्यांत काही वाटा अशा रुसव्याफुगव्यांचाही असावा. निकालाची कारणे सेनेटने लिहिली नाहीत. रँडॉल्फ यांनी लगोलग घटनादुरुस्ती सुचविली, ती पुढे गेली नाही. महाभियोगाला बुजगावण्याइतकाही धाक उरला नाही, असे जेफरसन यांनी पुढे उद्वेगाने लिहिले. चेस १८११ मध्ये मृत्यू येईपर्यंत न्यायासनावर होते. राजकीय भाषणे मात्र त्यांनी आवरली.

त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाच्या कोणाही न्यायमूर्तीवर प्रतिनिधिगृहाने असा आरोप ठेवलेला नाही. १८०३ ते २०१० या काळात एकंदर पंधरा संघीय न्यायाधीशांवर महाभियोग आला. आठ जणांचे पद गेले. टेनेसीचे हम्फ्रीज यादवी युद्धात बंडखोरांना मिळाले आणि राजीनामा देण्याचेही विसरले. त्यांना १८६२ मध्ये काढण्यात आले. नेवाडाचे क्लेबर्न करचुकवेगिरीबद्दल तुरुंगात असतानाही न्यायाधीशाचा पगार घेत राहिले, तो १९८६ मध्ये थांबला. फ्लॉरिडाचे अ‍ॅल्सी हेस्टिंग्ज (नावाचा केवळ योगायोग) यांना ज्युरीने १९८३ साली लाचेच्या आरोपातून सोडले होते, तरी सेनेटने १९८९ मध्ये दूर केले. तीनच वर्षांनी ते त्याच प्रतिनिधिगृहावर निवडून आले. या प्रकरणांत वाद होता तो लाच, लबाडी आणि निष्ठेचा, निकालपत्रांचा नव्हे.

निकालांवरून राग धरणारे मात्र वरचेवर निघाले. १९७० मध्ये न्यायमूर्ती डग्लस यांच्याविरुद्ध बोलताना जेराल्ड फोर्ड यांनी, प्रतिनिधिगृहाचे बहुमत ज्या वेळी ज्याला महाभियोगाचा अपराध म्हणेल तोच तो अपराध, असे सांगून टाकले. हे जाइल्स यांचेच मत; तेव्हा ते कानात सांगितले जात होते, आता व्यासपीठावरून. समितीला त्या प्रकरणात काही आढळले नाही. १८ मार्च २०२५ रोजी, व्हेनेझुएलाच्या नागरिकांना देशाबाहेर पाठविण्यास तात्पुरती मनाई करणारे न्यायाधीश बोसबर्ग यांच्यावर महाभियोग चालवावा, अशी मागणी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी केली. त्याच दिवशी सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी एक छोटे निवेदन काढले: निकाल मान्य नसेल तर त्यावर महाभियोग हा उपाय नव्हे, हे दोन शतकांहून अधिक काळ प्रस्थापित आहे, अपिलाची वाट त्यासाठीच असते. चेस यांचे नाव त्यात कोठे नव्हते. पण ती दोन शतके मोजावयाची ती १ मार्च १८०५ पासूनच.