छंदांची नावे कोणाची?

श्रोतेहो, वृत्त, गण, मात्रा, यमक ही नावे निघाली की आमचे कामगार बंधू मान खाली घालतात. ही विद्वानांची मिरास, आपला तेथे संबंध नाही, असा त्यांचा समज आहे. इतिहास पाहिला तर हा समज टिकत नाही.

प्रथम ओवी घ्या. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या सुमारे ११२९ सालच्या संस्कृत ग्रंथात, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओव्या गातात, अशी नोंद आहे. ज्ञानेश्वरांनी गीतेवरील टीका ओवीत सांगितली ती १२९० साली. म्हणजे त्या महाग्रंथाच्या आधी दीडशे वर्षे तरी ओवी उखळापाशी नांदत होती. ग्रंथातील ओवीचे पहिले तीन चरण यमकाने, म्हणजे शेवटच्या अक्षरांच्या सारखेपणाने, बांधलेले असतात. चौथा आखूड व मोकळा असतो. अभंगही असाच अक्षरांच्या मोजणीवर चालतो. मोठ्या अभंगात तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, आणि दुसऱ्या-तिसऱ्याचे यमक जुळलेले.

गण मात्र संस्कृत छंदःशास्त्रातून आले. ऱ्हस्व अक्षर लघु, दीर्घ अक्षर गुरू, आणि अशा तीन अक्षरांचा एक गण. एकूण गण आठ. पण तेही आमच्या तोंडी रोजच असतात. 'गिरणी' म्हणजे लघु, लघु, गुरू. हा स गण. 'मजूर' म्हणजे लघु, गुरू, लघु; हा ज गण. 'हातोडा' तिन्ही गुरू; तो म गण. हे गण ठरावीक क्रमाने आले की वृत्त होते. माधव जूलियन यांनी 'छंदोरचना' या ग्रंथात मराठी पद्याची मांडणी केली. त्यात लघु-गुरूंच्या ठरावीक क्रमाची वृत्ते, मात्रांच्या हिशेबाच्या जाती आणि अक्षरसंख्येचे छंद असे वर्ग आहेत. ओवी व अभंग यांना तेथे वृत्तांच्या शेजारी मानाची जागा मिळाली.

हे शास्त्र चळवळीच्याही उपयोगी पडले आहे. जोतीराव फुले यांनी १८६९ साली शिवाजीराजांवर पोवाडा रचला, तो सामान्य रयतेला कळावा म्हणून. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख व गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील अण्णा भाऊंची मैनेची छक्कड पाहा. गावी राहिलेल्या पत्नीचा विरह आणि खंडित महाराष्ट्राचे दुःख त्यांनी शेजारी ठेवले व दोहोंचे साम्य दाखवले. यालाच उपमा म्हणतात. ज्यांचे शाळेतले शिक्षण जेमतेम दीड दिवसाचे, त्यांनी ती साधली.

मग नावे शिकायची कशाला, असे कोणी विचारील. आमचा अनुभव असा, की पगारपत्रकावरील वजावटीचे नाव ज्याला वाचता येते, त्यालाच ती योग्य की अयोग्य हे विचारता येते. शाहिरी म्हणजे नुसता प्रचार, ते काव्य नव्हे, असे कोणी म्हटले, तर नुसत्या रागाने उत्तर होत नाही. त्यातील लय मोजून, यमक दाखवून, उपमा उलगडून ते द्यावे लागते. म्हणून वस्तीतल्या प्रत्येक वाचनालयात ही चार नावे शिकवली जावीत, आणि आरंभ ओवीपासून व्हावा.