वायुदाबमापन, उकळबिंदूवरून
वातावरणीय दाब घटला की पाणी कमी तापमानास उकळते. म्हणून उकळबिंदूवरून दाब व त्यावरून उंची काढता येते. पूर्वी दाब पाऱ्याच्या स्तंभाने मोजीत. परंतु त्याची लांब काचनळी घाटवाटांच्या प्रवासात सहज फुटे. दख्खनच्या वायुदाबाचा अभ्यास (१८३५) प्रसिद्ध करणारे विल्यम हेन्‍री साइक्स (१७९०–१८७२) यांनी १८३८ मध्ये उंची काढण्यासाठी साधा तापमापक वापरण्याविषयी निबंध लिहिला. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या सखल भागात पाणी सु. १००° से.ला, तर सु. ८०० मी. उंचीच्या माथेरानला सु. ९७° से.ला उकळते, पाराही तेथे सु. ७० मिमी. उतरतो. पातेले व तापमापक घेऊन याचा पडताळा घरीही घेता येतो. मात्र तापमानातील १° से.ची चूक उंचीत सु. ३०० मी.ची होते.