वर्गात अंतर राखताना बाके कशी मांडावीत?

कोविडच्या साथीत बंद पडलेल्या शाळा पुन्हा उघडण्यासाठी केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या. विद्यार्थ्यांमध्ये किमान सहा फुटांचे अंतर, ही त्यांतील एक प्रमुख सूचना. गोव्यात २१ नोव्हेंबर २०२० पासून दहावी-बारावीचे वर्ग सुरू झाले, तेव्हा शाळांपुढे बाकांचा प्रश्न उभा राहिला. ती साथ ओसरली; पण डोळ्यांची साथ, फ्लू किंवा परीक्षा या निमित्ताने मुलांना दूर बसवण्याची वेळ आजही येते. त्यामुळे मांडणीचा विचार आधीच केलेला बरा.

जागेचे गणित

२० फूट रुंद आणि २५ फूट लांब वर्गखोली घेऊ. फळ्यापासून पहिल्या ओळीपर्यंत ८ फूट आणि उरलेल्या तीन भिंतींपासून प्रत्येकी एक फूट सोडला, तर सहा फुटांच्या अंतराने चार मुलांच्या तीन ओळी, म्हणजे केवळ १२ मुले बसतात. पुढच्या दोघांच्या मधल्या जागेमागे मागचा बसेल अशा आडतिडक्या ओळी केल्या, तर ही संख्या १४ होते आणि फळाही अधिक मोकळा दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेने शाळांसाठी किमान एक मीटर अंतर सुचवले होते. त्या हिशेबाने याच खोलीत ३० मुले मावतात.

अंतर मोजताना ते मुलाच्या बसण्याच्या जागेपासून दुसऱ्याच्या बसण्याच्या जागेपर्यंत मोजावे, बाकाच्या कडेपासून नव्हे. जमिनीवर खडूने वा रंगाने खुणा केल्यास बाके सरकली तरी पूर्ववत लावता येतात. दाराकडे जाणारी वाट मात्र नेहमी मोकळी हवी.

अध्यापनानुसार मांडणी

शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक स्तरावर ३० विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असावा. सहा फुटांचे अंतर राखल्यास अशा वर्गाच्या तीन तुकड्या कराव्या लागतात आणि प्रत्येक मूल तीन दिवसांतून एकदाच शाळेत येते. म्हणून त्या एका दिवशी काय शिकवायचे, हे आधी ठरवून मगच बाके हलवावीत.

स्वतंत्र लेखन, गणिते आणि चाचणी यांसाठी सरळ ओळी सोयीच्या. चर्चेसाठी तीन भिंतींलगत नालाच्या आकारात बसवल्यास मुलांना एकमेकांचे चेहरे दिसतात. मात्र वरील खोलीत सहा फुटांनी अशी आठच मुले बसतात. एकाच खोलीत दोन इयत्ता असतील, तर दोन्ही गटांनी वेगवेगळ्या भिंतींकडे तोंड करून बसावे. एका गटाला शिकवताना दुसऱ्याचे लक्ष विचलित होत नाही.

मागच्या बाकावरचे मूल

वर्गातील बहुतेक प्रश्नोत्तरे पुढच्या आणि मधल्या जागांवरील मुलांशीच होतात, असे निरीक्षण ॲडम्स आणि बिडल या अभ्यासकांनी १९७० मध्ये मांडले. अंतर वाढले की कडेचे आणि मागचे मूल आणखी दूर जाते. यावर उपाय साधा आहे : दर आठवड्याला ओळींची अदलाबदल करावी आणि शिक्षकाने फळा सोडून वर्गात फिरावे. अंतर सक्तीचे असेल तेव्हा ओळींमधल्या वाटेनेच, थोडे लांब राहून फिरावे. दृष्टी वा श्रवण कमी असलेल्या मुलांना मात्र पुढेच ठेवावे.

केवळ अंतराने संसर्ग टळत नाही. खेळती हवाही तितकीच महत्त्वाची. आपल्याकडे पावसाळ्यात झडीमुळे खिडक्या लावून घ्याव्या लागतात. अशा वेळी वाऱ्याच्या विरुद्ध बाजूच्या खिडक्या आणि दार उघडे ठेवावे, व भिजणाऱ्या खिडकीजवळची बाके आत घ्यावीत.

मांडणी पक्की करण्यापूर्वी शिक्षकाने शेवटच्या कोपऱ्यातील बाकावर स्वतः बसून पाहावे. तिथून फळ्यावरची अक्षरे वाचता येत नसतील, तर अंतर बरोबर असूनही मांडणी चुकलेली आहे.