बैलाच्या कातड्याएवढें राज्य

जव्हार संस्थानच्या स्थापनेची एक आख्यायिका १८८२ सालच्या ठाणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत दिली आहे. मुकणे घराण्याचा मूळ पुरुष पौपेरा ऊर्फ जयबा यानें जव्हारच्या वारली नायकाजवळ एका बैलाचें कातडें पुरेल एवढीच जमीन मागितली. मागणी क्षुल्लक वाटून नायकानें ती मान्य केली. तेव्हां जयबानें त्या कातड्याच्या बारीक वाद्या कापविल्या आणि त्यांच्या वेढ्यांत नायकाचा सारा मुलूख घेतला! पुढें त्याचा पुत्र निमशहा यास दिल्लीच्या बादशहाकडून १३४३ सालीं ‘राजा’ हा किताब मिळाला, आणि हें संस्थान १९४८ पर्यंत टिकलें. कार्थेजच्या डिडो राणीविषयींही कातड्याची हीच कथा सांगतात. म्हणून ती इतिहास आहे असा आग्रह कोणीं धरूं नये. परंतु लहान वस्तूंत मोठें राज्य मावतें, हें तिचें तात्पर्य आज संगणकाच्या बाबतींत खरें ठरलें आहे.

संगणकाच्या सर्व खात्यांवर हुकमत चालविणारा जो कारभारी, त्यालाच ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. १९८१ सालीं आय.बी.एम.च्या संगणकाचा हा कारभारी एका फ्लॉपीवर मावत असे. ‘विंडोज ९५’ला तेरा फ्लॉप्या लागत. मग सी.डी. आली. १९९६ सालीं यू.एस.बी. जोडणीचें मान निश्चित झालें. तिच्या शिल्पकारांपैकीं अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर. २००० सालच्या अखेरीस विकावयास आलेला पेन ड्राइव्ह अवघ्या ८ मेगाबाइटांचा होता. आज बोटाएवढ्या तुकड्यांत संपूर्ण कारभार सहज मावतो.

हा कारभार गादीवर बसविण्याची रीत अवघड नाहीं. दुसऱ्या संगणकावर त्याची फाइल उतरवून घ्यावी. ती नुसती नकलून चालत नाहीं. रूफससारख्या साधनानें पेन ड्राइव्हवर लिहावी लागते. नंतर संगणक सुरू होतांच, पेन ड्राइव्हपासून आरंभ कर, असें त्यास सांगावें. लिनक्सचे बहुतेक प्रकार गादी घेण्यापूर्वीं पाहुण्यासारखे चालवून पाहतां येतात. त्यानंतर मुख्य प्रश्न येतो: डिस्कवरील सारें पुसावें, कीं जुन्या कारभाऱ्यास कांहीं भाग ठेवावा? येथें जयबाचें स्मरण व्हावें. त्यानें हरलेल्या नायकास गंभीरगड व त्याभोंवतालचा मुलूख दिला, असें तीच आख्यायिका सांगते. घाईनें ‘पुसा’ म्हणणारा वर्षांवर्षांचीं टिपणें व छायाचित्रें एका क्षणांत घालवितो. म्हणून आधीं दप्तराची नक्कल, मग राज्यारोहण.

हा विषय केवळ कौतुकाचा नाहीं. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्टनें ‘विंडोज १०’च्या नियमित दुरुस्त्या थांबविल्या. ‘विंडोज ११’ला सुरक्षेची विशिष्ट चिप व नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळें धडधाकट यंत्रेंही भंगारांत जाऊं लागलीं. लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं जाहीर केलेलें लिनक्स मात्र अशा पुष्कळ यंत्रांवर चालतें. जव्हार-मोखाड्याच्या डोंगराआड, जेथें मोबाइलची रेघ येते आणि जाते, तेथें कांहीं गिगाबाइटांची फाइल उतरविणें कठीण. पण नाशकास किंवा पालघरास एकदां उतरविलेली तीच फाइल एस.टी.नें खिशांतून घाट चढूं शकते, आणि एकाच पेन ड्राइव्हनें शाळेचे दहा संगणक उभे राहतात. त्यांची भाषा मराठी ठेवण्याचीही सोय आहे.

जयबाला शब्दांचा कावा करावा लागला, कारण आपण काय देत आहों हें देणाऱ्यास ठाऊक नव्हतें. १९९२ पासून लिनक्सचा परवाना मात्र उघड सांगतो, ‘घ्या, नकला करा, दुसऱ्यांस द्या.’ इतक्या मोकळ्या हातानें मिळणारा मुलूख, मागावयाचें सुचलें नाहीं म्हणून, आमच्या मुलांनीं गमावूं नये.