फोटो काढणारीचं नाव

आज आपण कॅमेऱ्याविषयी बोलणार आहोत, आणि तो हातात धरणाऱ्या बायांविषयी.

आधी एक साधी गोष्ट लक्षात घेऊ. आपल्याकडे बाई म्हणते, "लग्नात आम्ही फोटो काढला होता." प्रत्यक्षात तिने कॅमेऱ्याला हातही लावलेला नसतो. ती पदर नीट करून, मान ताठ धरून समोर बसलेली असते. फोटो दुसऱ्यानेच काढलेला असतो, पण आपण बोलताना "काढला" असंच म्हणतो. खरं म्हणजे तिने तो काढून घेतलेला असतो. काढणं आणि काढून घेणं यांत मोठा फरक आहे. फोटो काढणारी ठरवते, काय दाखवायचं, काय बाहेर ठेवायचं, कोणाला मधे घ्यायचं. समोर बसलेल्या माणसाला एवढंच करता येतं, हलायचं नाही.

आमच्या भाजे गावात हा फरक रोज डोळ्यांपुढे असतो. पावसाळा सुरू झाला की मळवली स्टेशनात लोकल थांबते आणि माणसांचे लोंढे उतरतात. कोणी लेण्यांकडे, कोणी धबधब्याकडे, कोणी लोहगड-विसापूरच्या वाटेला. पुष्कळांच्या गळ्यात मोठे कॅमेरे असतात. वाटेवर आमच्या बाया कणसं भाजतात, भजी तळतात, चहा उकळतात. त्यांचे फोटो निघतात. कधी विचारून, बऱ्याचदा न विचारता. आमच्या भागातल्या कितीतरी बायांचे चेहरे आज कुठल्या कुठल्या घरांत, मोबाइलमध्ये असतील. पण त्या फोटोखाली नाव नसतं, आणि त्यातला एकही फोटो परत आमच्या घरी येत नाही.

नावाचं महत्त्व आमच्याच डोंगराने फार पूर्वी सांगून ठेवलंय. भाजे लेण्यांतलं जुनं काम सुमारे बावीसशे वर्षांपूर्वीचं आहे. एकूण २२ लेणी. तिथे दान देणाऱ्यांचे ब्राह्मी लिपीतले लेख आहेत. पाण्याचं टाकं देणारा एक महारठी स्वतःला आईच्या नावाने, कौशिकीचा पुत्र म्हणवतो. आणि एक लेख आहे हालिकाच्या बायकोचा. हालिक म्हणजे नांगर धरणारा. म्हणजे एका शेतकऱ्याच्या बायकोने दान दिलं आणि दगडावर आपलं नाव कोरून घेतलं. ती कशी दिसत होती, कोणाला ठाऊक नाही. पण ती होती आणि तिने दिलं, एवढं दोन हजार वर्षं टिकलं. आमच्या वाटेवरच्या बायांचं उलटं झालंय. चेहरा राहिला, नाव गेलं.

आता कॅमेऱ्याकडे येऊ. आपल्या देशात कॅमेरा येऊन पावणेदोनशे वर्षं झाली. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. त्या काळी फोटो काढणं हे कष्टाचं काम होतं. कॅमेरा लाकडी पेटीएवढा. आत काच घालायची. त्या काचेला औषधं लावायची, ती ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच अंधाऱ्या खोलीत नेऊन धुवायची. औषधांनी हात काळे व्हायचे. हे काम बाईचं नाही, असंच सगळे धरून चालत.

तरीही एका बाईने ते केलं. तिचं नाव ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन. जन्म कोलकात्याचा, १८१५ चा. पुढे ती इंग्लंडमध्ये राहिली. ४८ वर्षांची असताना तिच्या लेकीने तिला कॅमेरा भेट दिला. लेकीला वाटलं, आईचा एकटीचा वेळ जाईल. आईने कोळसा ठेवायची खोली रिकामी करून तिथे फोटो धुवायची सोय केली आणि कोंबड्यांचं काचेचं खुराडं मोकळं करून तिथे फोटो घ्यायला सुरुवात केली. घरात जागा नाही म्हणून आपण किती गोष्टी सोडून देतो! या बाईने कोंबड्या हलवल्या. शिवाय तिने आणखी एक शहाणपणाचं काम केलं. फोटोवर सही केली, आणि शेकडो फोटोंची अधिकृत दफ्तरात आपल्या नावाने नोंद केली. तिचे फोटो आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत, ते तिच्याच नावाने.

पुढे कॅमेरे हलके झाले. १८८८ साली अमेरिकेत कोडॅक कंपनीने असा कॅमेरा काढला की नुसतं बटण दाबायचं. आत शंभर फोटोंची फिल्म. ती संपली की कॅमेराच कंपनीकडे पाठवायचा. १९०० साली एक डॉलरचा ब्राउनी कॅमेरा आला. या कंपनीच्या जाहिरातींत कॅमेरा घेतलेली तरुण मुलगी असायची. म्हणजे बाईच्या हातात कॅमेरा आला. पण कशासाठी? सहल, बाळ, वाढदिवस यांसाठी. बाईने हौस करावी, एवढं जगाने मान्य केलं. त्या हौसेचं काम झालं, त्यातून पैसा आणि नाव येऊ लागलं, की मात्र अडचण सुरू व्हायची.

आपल्या देशातल्या दोन जुळ्या बहिणी घ्या, मनोबिना आणि देबलिना. जन्म १९१९ चा. काशीजवळ रामनगरला वाढल्या. बाराव्या वाढदिवसाला वडिलांनी त्यांना कॅमेरा दिला आणि फोटो धुवायलाही शिकवलं. दोघींनी लग्न, मुलं, घर सगळं सांभाळून आयुष्यभर फोटो काढले. मनोबिना पुढे मुंबईत आल्या. सिनेमा दिग्दर्शक बिमल रॉय यांच्या त्या पत्नी. लोक त्यांना तशाच ओळखत राहिले. त्या स्वतः किती बारकाईने फोटो काढतात, हे बाहेरच्या जगाला कळायला फार वर्षं जावी लागली. हौसेचं काम कपाटात राहतं, ते असं.

आता जिची गोष्ट मनात ठेवण्यासारखी आहे, तिच्याकडे येऊ. होमाई व्यारावाला. जन्म ९ डिसेंबर १९१३, नवसारीचा. घर पारशी. वडील फिरत्या नाटक कंपनीत नट. होमाई वाढल्या मुंबईत, आणि शिकल्या जे. जे. कला शाळेत. माणेकशा व्यारावाला हे फोटो काढायचे, त्यांच्याकडून होमाई कॅमेरा शिकल्या. पुढे दोघांचं लग्न झालं. सुरुवातीला बायकांच्या एका मंडळाच्या सहलीचे त्यांनी फोटो काढले, ते 'बॉम्बे क्रॉनिकल' या वर्तमानपत्रात छापून आले. एका फोटोला एक रुपया मिळाला.

पण पुढे त्यांचे पुष्कळ फोटो मासिकांत छापले गेले ते माणेकशांच्या नावाने. बाईचं नाव कोणी ओळखत नाही, बाईच्या फोटोवर विश्वास कोण ठेवणार, असा तो काळ. माणेकशा शिकवणारे होते, साथ देणारे होते. म्हणून ही गोष्ट नीट समजून घेऊ. घरात कोणी वाईट नसतानाही बाईचं काम नवऱ्याच्या नावावर चढतं. आपल्याकडे शेताचा सातबारा असाच असतो ना? राबते ती, नाव त्याचं.

१९४२ साली होमाई दिल्लीला गेल्या आणि ब्रिटिश सरकारच्या माहिती खात्यात फोटोग्राफर म्हणून लागल्या. आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्त-छायाचित्रकार म्हणून आज त्यांना ओळखतात. त्यांचे कॅमेरे काही खेळण्यातले नव्हते. एक होता स्पीड ग्राफिक. चांगला दोन-तीन किलोंचा. त्यात फिल्मचा एकेक कागद घालावा लागे. एक फोटो झाला की कागद बदलायचा, फ्लॅशचा जळलेला दिवा बदलायचा. पंतप्रधान काही तेवढा वेळ थांबत नाहीत. म्हणून कळ दाबायची ती नेमक्या क्षणाला. दुसरा होता रोलीफ्लेक्स. त्याला दोन डोळे, एक बघायचा आणि एक फोटो घ्यायचा. तो पोटाशी धरून मान खाली घालून वरून बघायचं. काचेत डावं उजवीकडे दिसतं आणि उजवं डावीकडे. एका रोलमध्ये फक्त १२ फोटो. आज आपण एका वाढदिवसाला दोनशे फोटो काढतो, त्यापुढे हे बारा आठवा.

अशी सगळी सामग्री घेऊन, साडी नेसून, सायकलवरून ही बाई दिल्लीत फिरायची. फाळणीच्या प्रश्नावर हात वर करून मत देणारे पुढारी, लाल किल्ल्यावर पहिल्यांदा फडकलेला झेंडा, गांधीजींची अंत्ययात्रा, कबुतर सोडणारे नेहरू, हे सगळं त्यांनी टिपलं. आपल्या पुस्तकांत ते दिवस जसे दिसतात, त्यांतले काही या बाईच्या डोळ्यांनी पाहिलेले आहेत.

त्यांनी छापण्यासाठी एक टोपणनावही घेतलं होतं, 'डालडा १३'. हसू येईल, पण त्याला कारण होतं. जन्म १९१३ चा, माणेकशा पहिल्यांदा भेटले तेव्हा वय १३, आणि मोटारीचा नंबर डीएलडी १३. तुपाच्या डब्याचं असलं तरी ते त्यांचं स्वतःचं नाव होतं.

१९६९ साली पती गेले. १९७० साली होमाईंनी काम थांबवलं आणि कॅमेरा खाली ठेवला. पुढे किती वर्षं त्यांची कोणाला आठवणही नव्हती. पण फोटो आणि निगेटिव्ह त्यांनी जपून ठेवल्या होत्या. म्हणून अभ्यासकांना त्यांचं काम सापडलं, पुस्तक निघालं आणि २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. तेव्हा त्या ९७ वर्षांच्या होत्या. पुढच्याच वर्षी, जानेवारी २०१२ मध्ये, वडोदऱ्याला त्या गेल्या. जपलं म्हणून नाव परत मिळालं. जपलं नसतं तर आज आम्ही तुम्हाला काय सांगितलं असतं?

तुम्ही म्हणाल, या शिकलेल्या, शहरातल्या बाया. मग आपल्यासारख्यांचं सांगतो. तेलंगणात, बिदरच्या पलीकडे झहीराबाद भाग आहे. तिथे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या संस्थेबरोबर गावोगावच्या दलित शेतकरी बायांचे गट आहेत. त्यांना संघम म्हणतात. त्यांतल्या काही बाया व्हिडिओ कॅमेरा शिकल्या. कित्येकींना अक्षरओळख नव्हती. त्यांनी बियाण्यांवर, शेतीवर फिल्म बनवल्या. वरंगळमध्ये बीटी कापसाने शेतकऱ्यांचं काय झालं, ते शेतात जाऊन, शेतकऱ्यांशी बोलून नोंदवलं. २००८ पासून त्या स्वतःचा रेडिओही चालवतात.

कॅमेऱ्याचे इंग्रजी शब्द त्यांना नको होते. त्यांनी आपले शब्द केले. कॅमेरा वर धरून खाली बघायचं किंवा खाली धरून वर बघायचं, या कोनांना त्यांनी गावच्या उतरंडीवरून नावं दिली, जमीनदाराचा शॉट आणि गड्याचा शॉट. आणि समोरच्याच्या डोळ्याला डोळा भिडेल अशा उंचीवर कॅमेरा धरून घेतलेला तो 'संघम शॉट'. गटात सगळ्या एका जाजमावर बसतात, तसा. आमच्या मते फोटोग्राफीचा सगळ्यात मोठा धडा या बायांनी दिलाय. कॅमेरा किती महागाचा, हे नंतर. तो कोणत्या उंचीवर धरलाय, हे आधी.

मोठ्या कॅमेऱ्याची गरज कधी पडते, तेही सांगतो. मे-जूनमध्ये आपल्या सह्याद्रीत झाडंच्या झाडं काजव्यांनी उजळतात. मावळात आपण हे लहानपणापासून बघतो. मोबाइलने फोटो घ्यायला जावं तर काळा अंधार येतो. त्यासाठी कॅमेऱ्याची पापणी बराच वेळ उघडी ठेवावी लागते आणि तो तिपाईवर अगदी स्थिर लागतो. पनवेल भागातल्या ऐश्वर्या श्रीधर या मुलीने आपल्या पश्चिम घाटातलं असं काजव्यांचं झाड टिपलं. २०२० साली लंडनच्या जगप्रसिद्ध वन्यजीव फोटो स्पर्धेत त्या फोटोची खास दखल घेतली गेली. तेव्हा ती २३ वर्षांची होती. रात्री, रानात, कॅमेरा लावून बसलेली मुलगी. आपल्या घरातली मुलगी असं म्हणाली तर आपण काय उत्तर देऊ, याचा विचार प्रत्येकीने करावा.

आता आपल्या हातात काय आहे? गटात दोन-चार जणींकडे तरी बरा मोबाइल असतो. शिकायला तेवढा पुरतो. पहिलं, फोटो काढायच्या आधी विचारा. आपल्याला कोणी न विचारता टिपलं तर कसं वाटतं, ते आपल्याला माहीत आहे. दुसरं, सूर्य पाठीशी घ्या, समोर नको, आणि कॅमेरा समोरच्याच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा. तिसरं, नुसते सणवार टिपू नका. भाताची लावणी, झोडपणी, आजीच्या हातची कणगी, पाण्याची रांग, गटाची बैठक, हा सगळा इतिहास आहे. गारपिटीने शेत गेलं तर त्याच दिवशी फोटो घ्या. तारखेसकट असलेला फोटो पंचनाम्याच्या वेळी बोलतो. चौथं, निवडक फोटो छापून घ्या. मोबाइल पाण्यात पडतो, बिघडतो, बदलला जातो, त्याबरोबर सगळं जातं.

आणि पाचवं, जे आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. छापलेल्या फोटोच्या मागे पेनाने लिहा, फोटोत कोण आहे, गाव कोणतं, तारीख कोणती, आणि फोटो कोणी काढला. समोरचीचं नाव लिहा आणि काढणारीचंही. नवऱ्याचं, मुलाचं, गटाच्या अध्यक्षांचं नको. जिने कळ दाबली तिचं. नांगऱ्याच्या बायकोने छिन्नीने करून घेतलं, ते आपल्याला एका पेनाने करता येतं.