वर्षात मोठ्या शर्यती किती? एका नियमाचा इतिहास

मॅरेथॉनच्या कुठल्याही प्रशिक्षकाला विचारा, वर्षात किती शर्यती मोठं लक्ष्य म्हणून धरायच्या? उत्तर बहुधा ठरलेलं असतं: एक, फार तर दोन. एलिउड किपचोगेनेही २०१३ मध्ये हॅम्बुर्गला पहिली मॅरेथॉन धावल्यावर साधारण हाच क्रम ठेवला. हिशेब करून बघा. ऐन भराची दहा वर्षं धरली तरी हातात जेमतेम वीस संधी. म्हणजे हा आकडा चुकीचा असेल, तर कोणाचं तरी अख्खं करिअर पणाला लागतं. तेव्हा संशोधनाच्या तयारीत असलेल्या तुम्ही पुढचा प्रश्न विचारायलाच हवा: हा आकडा आला कुठून, शरीरातून की कॅलेंडरमधून?

या चर्चेत एक जोडी नेहमी येते. पहिला ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क. १९६५ साली तो युरोपभर एकामागून एक शर्यती धावला. १४ जुलैला ऑस्लोमध्ये त्याने १०,००० मीटर अंतर २७ मिनिटं ३९.४ सेकंदांत कापलं. २८ मिनिटांच्या आत येणारा तो जगातला पहिला धावपटू. विश्वविक्रमांचा नुसता ढीग, पण ऑलिंपिकचं पदक एकच, १९६४ चं कांस्य. दुसरा फिनलंडचा लासे विरेन. १९७२ ला म्युनिकमध्ये १०,००० मीटरच्या अंतिम फेरीत तो मध्येच पडला, उठला आणि विश्वविक्रम करून जिंकला. ५,००० मीटरही त्यानेच जिंकली. १९७६ ला मॉन्ट्रियलमध्ये पुन्हा दोन्ही सुवर्णं. मधल्या काळात मात्र, १९७४ च्या युरोपियन स्पर्धेतलं एक कांस्य सोडलं, तर फारसं काही नाही.

निष्कर्ष तयारच: क्लार्कने ताकद वर्षभर उधळली, विरेनने ती राखून ठेवली. पण जरा थांबा. १९६८ चं ऑलिंपिक मेक्सिको सिटीत झालं, समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर. तिथे १०,००० मीटरमध्ये सहावा येऊन क्लार्क कोसळला. हा जास्त शर्यतींचा परिणाम की विरळ हवेचा? आणि विरेनवर रक्त साठवून पुन्हा शरीरात घेतल्याचे आरोप झाले. त्याने ते नाकारले, आणि त्या काळी त्यावर बंदीही नव्हती. दोनच माणसं आणि कारणं ढीगभर. यातून नियम काढता येत नाही.

मग नियमाला शास्त्रीय रूप कसं मिळालं? १९६० च्या दशकात सोव्हिएत अभ्यासक लेव मात्वेयेव यांनी वर्षाची विभागणी मांडली: तयारी, स्पर्धा आणि विश्रांतीकडे नेणारा मधला काळ. या मांडणीत स्पर्धेची तारीख आधी पक्की होते आणि सराव तिच्यापासून मागे मोजत आखला जातो. २०१२ मध्ये जॉन कायली यांनी नेमका हाच खडा टाकला: या आखणीमागे पुरावा किती आणि परंपरा किती?

शरीराच्या बाजूचा पुरावाही आहे. १९७० च्या दशकाच्या मध्यात एरिक बॅनिस्टर आणि सहकाऱ्यांनी एक मॉडेल मांडलं. सरावातून क्षमता वाढते आणि थकवाही वाढतो, पण थकवा लवकर ओसरतो. म्हणूनच शर्यतीआधी सराव कमी करायचा, म्हणजे टेपर. २००७ च्या एका मेटा-विश्लेषणात सर्वाधिक फायदा कशात दिसला? साधारण दोन आठवडे, सरावाचं प्रमाण ४१ ते ६० टक्क्यांनी कमी, तीव्रता मात्र तीच.

इथे बारकाईने वाचा. हे सगळं *एका* शर्यतीला कसं सामोरं जायचं ते सांगतं. वर्षात किती, हे सांगत नाही. प्रत्येक मोठ्या शर्यतीला टेपर आणि नंतरची विश्रांती एवढे आठवडे द्यावे लागतात, इतकंच त्यातून निघतं. त्यापुढची उडी आपली असते.

त्या उडीला धक्का देणारा माणूस म्हणजे जपानचा युकी कावाउची. सरकारी नोकरी सांभाळून वर्षाला दहा-बारा मॅरेथॉन धावायचा. डिसेंबर २०१३ मध्ये त्याने फुकुओकाला २:०९:०५ आणि दोनच आठवड्यांनी होफूला २:०९:१५ अशी वेळ दिली. २०१८ ला गारठवणाऱ्या पावसात बोस्टन जिंकली. यातून काय सिद्ध होतं? 'अशक्य' हा शब्द खोडावा लागतो, एवढंच. सगळ्यांनी तसंच करावं, हे नाही. त्याच्यासारखं करायला जाऊन जायबंदी झालेले निकालांच्या यादीत दिसतच नाहीत.

अव्वल धावपटूंना चिठ्ठ्या टाकून 'तू वर्षाला एक, तू पाच' असं वाटून देणारा प्रयोग कोण करू देणार? म्हणून प्रश्नच नीट कापावा लागतो. 'किती वेळा?' हे सोडा. त्याऐवजी विचारा: कोणत्या अंतरासाठी, किती वर्षांच्या सरावाच्या खेळाडूला, दोन शर्यतींमध्ये किती आठवडे मिळाले तर दुसरीची वेळ घसरत नाही? याचा डेटा गोळा करता येतो. आणि गोळा करताना, ज्यांनी दुसरी शर्यत धावलीच नाही त्यांची नोंद आधी ठेवा.