पुढची इयत्ता : हिंगण्याच्या वर्गांची वाटचाल

४ मार्च १९०७ रोजी पुण्यात महिला विद्यालय सुरू झाले, तेव्हा पटावर सहा मुली होत्या. सहा मुलींसाठी जागा बघायची, शिक्षक मिळवायचे आणि वर्गणीसाठी दारोदार हिंडायचे, हा त्या काळच्या व्यवहारी माणसाला वेडेपणाच वाटला असणार. धोंडो केशव कर्वे तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. फर्ग्युसन कॉलेजात ते गणित शिकवत. पदरात आधीच एक संस्था होती : १४ जून १८९६ रोजी स्थापन झालेला अनाथ बालिकाश्रम. विधवा मुलींना आसरा आणि शिक्षण देणाऱ्या त्या आश्रमाचीच वर्षाची तोंडमिळवणी करताना जीव मेटाकुटीला येत असे. तरीही कर्व्यांनी दुसरी संस्था काढली.

याचे कारण आश्रमातच होते. वैधव्य आलेल्या मुलीला शिकवून पायावर उभे करणे हे अर्धे काम झाले. मुळात बाराव्या-तेराव्या वर्षी लग्न लावून देण्याची घाई थांबल्याशिवाय दुसरे अर्धे होणार नव्हते. अविवाहित मुलींना शाळेत चार वर्षे जास्त रमवता आले, तर लग्नही तेवढे पुढे जाईल, हा महिला विद्यालयामागचा विचार होता. पुण्याजवळच्या हिंगण्याला वाढलेल्या या संस्थांचा पुढचा सगळा इतिहास असाच घडत गेला. एका वर्गाने आपली शेवटची इयत्ता गाठली की ‘आता पुढे काय?’ हा प्रश्न उभा राहायचा, आणि संस्था त्याचे उत्तर म्हणून नवी इयत्ता, नवी शाळा, शेवटी नवे विद्यापीठच बांधायची. म्हणून या संस्थेची वाटचाल इमारतींपेक्षा तिच्या छोट्या छोट्या वर्गांतून वाचावी, असे मला वाटते.

मुलाची वाट आणि मुलीची वाट

त्या काळी शाळा संपवून बाहेर पडणाऱ्या मुलापुढे वाटा आखलेल्या होत्या. मॅट्रिक झाला की कॉलेज, नाहीतर कचेरीतली कारकुनी, नाहीतर मास्तरकी, पुढेमागे वकिली. ती स्वप्ने त्याला स्वतः रचावी लागत नसत. शेजारच्या वाड्यात ती चालती-बोलती दिसत. मुलीचे तसे नव्हते. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली होती. १८८४ मध्ये हुजूरपागेची शाळा सुरू झाली. कॉर्नेलिया सोराबजी डेक्कन कॉलेजातून पदवीधर होऊन इंग्लंडला जाऊन आल्या होत्या. पण ही उदाहरणे दुरून पाहण्याची होती. मध्यमवर्गीय घरातल्या मुलीला, त्यातून विधवेला, आपल्यासारखी कुणी पुढे जाऊन काय झाली हे दाखवणारा शेजारच नव्हता.

असा शेजार पहिल्यांदा तयार केला तो पंडिता रमाबाईंनी. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले, तेव्हा तिथे दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई. आठव्या वर्षी वैधव्य आलेली ही मुलगी पुढे आनंदीबाई कर्वे झाली. ११ मार्च १८९३ रोजी कर्व्यांनी तिच्याशी पुनर्विवाह केला आणि त्यांच्या मुरुड गावच्या लोकांनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला. पुढे सगळ्यांची ‘बाया’ झालेल्या आनंदीबाईंनी ‘माझे पुराण’ लिहून आपल्या आठवणी मागे ठेवल्या. शिक्षणाने एका बाईचे आयुष्य कुठून कुठे जाते याचा पुरावा कर्व्यांना पुस्तकात शोधावा लागला नाही. तो त्यांच्या घरातच वावरत होता.

स्वतः कर्व्यांनाही शिक्षणाची किंमत पायी चालून मोजावी लागली होती. सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी हा मुलगा मुरुडहून साताऱ्यापर्यंत शंभराहून अधिक मैल, कुंभार्ली घाट ओलांडून गेला. परीक्षा मंडळाने त्याच्या लहानखुऱ्या अंगकाठीकडे पाहिले, तो सतरा वर्षांचा आहे यावर विश्वास ठेवला नाही आणि त्याला बसूच दिले नाही. पुढच्या वर्षी तो कोल्हापूरला जाऊन त्या परीक्षेत उतरला. मॅट्रिक व्हायला त्याला तेविसावे वर्ष उजाडले. उशिरा शिकणे म्हणजे काय हे अंगावर काढलेल्या माणसानेच पुढे विशी-पंचविशीतल्या बायकांना मुळाक्षरांपासून बसवले, हे मला फार महत्त्वाचे वाटते. वय निघून गेले, असे तो कुणाला म्हणू शकला नाही.

झोपडीतला वर्ग

आश्रमाला हिंगण्याची जागा मिळाली ती रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांच्या दानातून : सहा एकर जमीन आणि साडेसातशे रुपये. १९०० मध्ये तिथे झोपडी उभी राहिली. पुण्यापासून काही मैलांवरचे ते माळरान. पावसाळ्यात चिखल, रात्री काळोख, आणि वाटेत वस्ती नाही. प्लेगच्या त्या दिवसांत शहर धास्तावलेले होते. कॉलेजातले तास संपवून कर्वे चालत हिंगण्याला जात, तिथे शिकवत आणि पहाटे पुन्हा पुण्याची वाट धरत.

या वर्गातल्या पार्वतीबाई आठवले म्हणजे आनंदीबाईंची बहीण. देवरुखच्या. विसाव्या वर्षी वैधव्य, पदरात मुलगा. अक्षरओळख झाली तीही मोठ्या वयात. आश्रमात येताना स्वतःच्या भविष्याबद्दल त्यांनी काय चित्र रंगवले असेल? फार तर शिक्षिकेची नोकरी आणि मुलाचे शिक्षण. प्रत्यक्षात त्यांनी आश्रमाच्या स्वयंपाकघरापासून हिशेबापर्यंत सगळे सांभाळले, वर्गणीसाठी गावोगाव व्याख्याने दिली, आणि १९१२ मध्ये केशवपनाची रूढी स्वतःपुरती मोडली. त्यानंतर, इंग्रजी तोडकेमोडके असताना, त्या अमेरिकेला गेल्या. तिथे लोकांच्या घरी काम करून राहिल्या, भाषा शिकल्या, आश्रमासाठी पैसे गोळा केले. १९२८ मध्ये त्यांची ‘माझी कहाणी’ प्रसिद्ध झाली आणि दोनच वर्षांत ती इंग्रजीतही गेली. झोपडीतल्या वर्गात बसलेल्या कोणत्याही बाईला त्या दिवशी विचारले असते, तर अमेरिकेचे नाव तिच्या ओठांवर आले नसते. पण शिकल्यामुळे कल्पनेच्या पलीकडचे पाऊल टाकण्याची ताकद तिच्यात आली.

सहा मुलींपासून विद्यापीठापर्यंत

महिला विद्यालयाची सुरुवात पुण्यात झाली आणि १९११ मध्ये ते हिंगण्याला आले. ही गोष्ट आज साधी वाटते, पण तेव्हा मोठा धीर लागला. कुमारिका आणि विधवा एकाच आवारात राहणार, एकत्र शिकणार, याची धास्ती अनेक पालकांना होती. विधवेचे दर्शनही अशुभ मानणाऱ्या घरांतून मुली आल्या आणि त्यांनी ‘अशुभ’ ठरवलेल्या बायकांबरोबर धडे गिरवले. निबंध लिहिताना, पाणी भरताना, आजारपणात उशाशी बसताना त्या भीतीचे काय झाले असेल, हे कोणत्याही अहवालात आकड्यांत येणार नाही. मला वाटते, त्या वर्गाचा सर्वांत मोठा धडा अभ्यासक्रमाबाहेरचा होता.

मग पुन्हा तोच प्रश्न : विद्यालय पुरे झाले, आता पुढे काय? मुंबई विद्यापीठाचे शिक्षण इंग्रजीतून, अभ्यासक्रम मुलांच्या गरजांनी आखलेला. त्याच सुमारास जपानच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका कर्व्यांच्या हाती पडली. डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईला राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, आणि त्या व्यासपीठावरून त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली. १९१६ मध्ये विद्यापीठ स्थापन झालेसुद्धा. रामकृष्ण गोपाळ भांडारकर कुलपती झाले. कॉलेजच्या पहिल्या वर्गात विद्यार्थिनी होत्या पाच.

शिक्षणाचे माध्यम मराठी. इंग्रजी हा सक्तीचा विषय. त्याबाबत गांधीजींचे कर्व्यांशी एकमत नव्हते, मात्र मातृभाषेतून उच्च शिक्षण देण्याच्या बाजूने ते होते. पदव्यांची नावेही संस्कृत वळणाची ठेवली : ‘गृहीतागमा’ आणि त्यापुढची ‘प्रदेयागमा’. जी. ए. आणि पी. ए. ही अक्षरे त्या काळच्या कितीतरी कर्तबगार स्त्रियांच्या नावामागे दिसतात.

टीकाही झाली, आणि ती विचारात घेण्याजोगी होती. मुलामुलींना एकच शिक्षण, तेही एकत्र द्यावे, असे सुधारक आगरकर कितीतरी आधी लिहून गेले होते. स्त्रियांसाठी वेगळा अभ्यासक्रम आखला तर तो कमी दर्जाचा मानला जाईल, गृहशास्त्राच्या नावाखाली मुलगी पुन्हा चुलीपाशीच राहील, ही शंका रास्त होती. कर्व्यांचे उत्तर व्यवहाराचे होते : ज्या घरांतून मुली मुळीच बाहेर पडत नाहीत, तिथून त्या या दाराने तरी बाहेर पडू देत. आज मागे वळून पाहताना मला दोन्ही बाजूंचे मोल दिसते. आगरकरांनी दाखवलेले ठिकाण योग्य होते, आणि त्या ठिकाणाकडे जाणारी पायवाट हिंगण्याने बांधली.

पदवी हाती, पण मान्यता?

१९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी दिली. जपानच्या प्रवासात त्यांनी तिथले महिला विद्यापीठ स्वतः पाहिले होते. त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव विद्यापीठाला मिळाले. पैशाचा घोर कमी झाला, तरी एक अडचण राहिली : सरकारमान्यता नव्हती. वैधानिक दर्जा मिळायला १९५१ साल उजाडावे लागले. म्हणजे पस्तीस वर्षे या विद्यापीठातून बाहेर पडलेल्या मुलींनी ज्या पदवीवर आयुष्य उभे केले, ती सरकारदरबारी पदवी म्हणून मोजली जात नव्हती.

मग या मुलींच्या भविष्याचे काय? इथेही संस्थेने तीच युक्ती वापरली. नोकरी देणारी शाळा नसेल तर शाळाच काढायची. सातारा, वाई अशा गावी कन्याशाळा उभ्या राहिल्या आणि हिंगण्यात शिकलेल्या मुली तिथे शिक्षिका, मुख्याध्यापिका झाल्या. त्यासाठी पैसा कुठून? भाऊबीज निधीतून. दिवाळीत भाऊ बहिणीला ओवाळणी घालतो, तशी समाजाने या बहिणींना ओवाळणी घालावी, ही हाक महाराष्ट्रभर घरोघर पोहोचली. आठ-चार आण्यांच्या ओवाळण्यांवर वर्ग चालले.

या वर्गांतून काय काय घडले पाहा. न. चिं. केळकरांची कन्या कमलाबाई देशपांडे जी. ए. झाल्या, प्राग विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन आल्या, प्राचीन भारतातील बालकाविषयी त्यांनी ग्रंथ लिहिला, आणि याच विद्यापीठाच्या कामात परत येऊन उभ्या राहिल्या. आपल्या आठवणी त्यांनी ‘स्मरणसाखळी’त गुंफल्या.

आणि बाळूताई खरे. हिंगण्यात शिकलेली, महिला विद्यापीठाची पदवीधर, कन्याशाळेत शिकवणारी तरुणी. १९३३ मध्ये ‘विभावरी शिरूरकर’ या नावाने तिचा ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आला आणि महाराष्ट्र हादरला. ही विभावरी कोण, याचा शोध सुरू झाला. शिकलेल्या, कमावत्या, अविवाहित मुलींच्या मनात काय चालते, हे त्या कथांनी पहिल्यांदा उघड लिहिले. शाळा सोडताना रंगवलेले भविष्य आणि घरात-समाजात वाट्याला आलेले वास्तव यांच्यातली दरी तिने दाखवली. मुलगी शिकली, पगार घरी आणू लागली, पण तिच्या लग्नाचे, प्रेमाचे, एकटे राहण्याचे निर्णय अजून दुसऱ्यांच्याच हातात होते. ज्या संस्थेने तिला शिकवले, तिच्या कामाचा सर्वांत प्रामाणिक ताळेबंद तिच्याच विद्यार्थिनीने मांडला, याहून मोठे यश शाळेला दुसरे नसावे. प्रश्न विचारू शकणारी मुलगी घडवणे, हेच तर शाळेचे काम.

आजचे हिंगणे, आजचे वर्ग

हिंगणे आता कर्वेनगर झाले. माळरानाच्या जागी शहर पसरले. संस्थेचे नाव महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था झाले, आणि १९९१ मध्ये तिने मुलींसाठी कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय काढले. गृहशास्त्रापासून अभियांत्रिकीपर्यंत आलेल्या या रस्त्यावर आगरकरांच्या शंकेचे उत्तर हळूहळू लिहिले गेले आहे. कर्व्यांना स्वतःला १९५८ मध्ये भारतरत्न मिळाले. १९६२ मध्ये, शंभरी ओलांडल्यावर, ते गेले. पण त्याआधी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, १९३६ मध्ये, त्यांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी आणखी एक मंडळ काढले होते. विद्यापीठ झाले, मग ते पुन्हा पहिलीच्या वर्गाकडे वळले. ज्या गावात शाळाच नाही, तिथल्या मुलांची पुढची इयत्ता पहिलीच होती, हे त्यांनी ओळखले.

हा विचार आजच्या प्रत्येक छोट्या हायस्कूलला लागू आहे. दहावीच्या निरोप समारंभात मुली डॉक्टर, पोलीस, शिक्षिका होण्याचे मनोगत सांगतात, वर्गाच्या आठवणी काढून रडतात, शाळेला घड्याळ किंवा फळा भेट देतात. पण गावात अकरावी नसते. तालुक्याची एसटी वेळेवर येत नाही. संध्याकाळच्या अंधारात परतणाऱ्या मुलीची काळजी म्हणून तिचे शिक्षणच बंद होते, आणि मग लग्नाची बोलणी सुरू होतात. त्या मुलीच्या स्वप्नात काही कमी नसते. तिच्या स्वप्नाला पुढची पायरी बांधून दिलेली नसते.

कर्व्यांनी विद्यार्थिनींना मोठी स्वप्ने पाहा असे सांगून सोडून दिले नाही. त्यांनी प्रत्येक वेळी पुढचे दार स्वतः बांधले, मग पटावर सहा मुली असोत की पाच. म्हणून माझी मागणी साधी आहे. ज्या शाळेच्या दहावीच्या वर्गात आठ मुली आहेत, तिथले मुख्याध्यापक, संस्थाचालक आणि गावकरी यांनी निकालाआधीच या आठजणींच्या पुढच्या वर्षाची यादी करावी : कोण कुठे शिकणार, कशाने जाणार, कुठे राहणार, फी कोण भरणार. जिथे उत्तर नाही तिथे वसतिगृह, गाडी, निधी, नाहीतर अकरावीचा वर्ग उभा करावा. आठ मुलींसाठी एवढा खटाटोप कशाला, असे कुणी विचारील. हिंगण्याने हा हिशेब शतकापूर्वीच करून दाखवला आहे, आणि त्या हिशेबात सहा ही संख्या पुरेशी मोठी ठरली होती.